चाकामागचा ठोकळा

आमच्याकडे गेट उघडायला शेजारच्या सीटवरचं माणूस उतरतं.
कायदा कुठे लिहिलेला नाही,
पण मिल्क नदीच्या दोन्ही काठांवर सगळे पाळतात.
एकतीस वर्षं मीच उतरते आहे:
तारेचं गेट, खांद्यानं खांब दाबायचा, फास सोडवायचा,
माँटॅनाचा वारा कानात काहीबाही ओरडत असतो.
मागे डेल्मर, हीटरच्या उबेत, स्टिअरिंगवर हात.
मागे वळून बघायची वेळ कधी आली नव्हती.

जुन्या गाडीच्या खोडी पाठ होत्या.
डावं दार आतून लाथेनं,
तिसरा गिअर रुसला की क्लच दोनदा.
पण बिघडायच्या आधी ती कुरकुरायची,
महिनाभर, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी.

ही नवी. राखाडी. चौऱ्याऐंशी हप्ते.
गिअरच्या दांड्याच्या जागी गोल बटण,
रेडिओ मोठा करावा तसं फिरवायचं.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आम्हाला सत्तर मिळाले.
मग एकदा हायवेवर सगळी स्क्रीन काळी,
एकदा ब्रेकचा पेडल पावाच्या पिठात रुतावा तसा खाली गेला
आणि परत वर आला, जसं काही झालंच नाही.

नोव्हेंबरात, उत्तरेच्या कुरणाच्या चढावर,
डेल्मर लंगडणारं वासरू बघायला खाली उतरला.
स्क्रीनवर हिरवं पी.
ताज्या बर्फावर चाकांना आवाज नसतो.
मी फासाशी झटत होते
आणि समोरच्या गायींनी एकदम माना वर केल्या.
माझ्याकडे नाही. माझ्या मागे.

मी बाजूला झाले. एवढंच.
खांब मोडला, तारा माझ्या बाहीत अडकल्या,
आणि डेल्मर धावत आला, बदललेल्या गुडघ्यावर,
मला नाही, गाडीला शिव्या देत.

हाव्हरचा डीलर अडुसष्ट मैलांवर.
काउंटरवर कोल्टन ब्रेस्की, नखं स्वच्छ.
कागद तिसरा, वाक्य तेच:
बिघाड आढळला नाही. वाहन अपेक्षेप्रमाणे चालते.
कोणाच्या अपेक्षेप्रमाणे, मी विचारलं.
तो डेल्मरकडे वळला, अगदी आदरानं:
सर, बटण पूर्ण फिरवलं होतं, नक्की?

डेल्मरनं आपल्या हाताकडे पाहिलं.
त्याचे वडील असेच सुरू झाले होते,
चुलीवर किटली विसरून.

त्या हिवाळ्यात रात्री मला जाग यायची, शेजारी जागा रिकामी.
खिडकीतून दिसायचं: अंगणात गाडी, आतला दिवा लावलेला,
आणि तो, कोट पायजम्यावर चढवून,
बटण फिरवतोय. बघतोय. परत फिरवतोय.
मी दिवा लावला नाही.

पत्र मार्चमध्ये आलं, वरातीमागून घोडं.
अंगठीएवढी एक प्लास्टिकची कडी, उष्णतेनं तडकते,
मग बटण एक सांगतं आणि गिअर दुसरंच.
सुटा भाग सध्या उपलब्ध नाही.
तोवर हँडब्रेक लावावा, उतारावर उभी करू नये.
(उतार नसलेली जमीन आमच्याकडे फक्त दफनभूमीची.)

त्यानं पत्र दोनदा वाचलं, शर्टच्या खिशात घातलं,
त्या दिवशी बटाटे तीनदा वाढून घेतले.
रविवारी चर्चमध्ये अर्विन थोर्सगार्डला दाखवलं,
मग अर्विनच्या बायकोला, मग ऑर्गनवाल्या मुलाला.
माणसं गाडी खराब निघाल्यावर इतकी खूश होत नाहीत.

कडी जूनमध्ये बसली. अकरा मिनिटं लागली म्हणे.

कॉटनवुडचा ठोकळा मात्र अजून माझ्या पायाशी असतो,
करवतीनं तिरका कापलेला, कडेला दातांच्या खुणा, कुत्रीच्या.
मी उतरते. आधी ठोकळा, मग गेट.
डेल्मर काही म्हणत नाही.
फक्त मी चालायला लागले की
दोन्ही हात काचेपाशी वर धरतो,
मला दिसतील असे.