ठोका कुठं पडतो

मे महिना. कूलरची खस वाळलेली, मोटार नुसती घरघरते.
पाचपावलीतल्या आमच्या माळ्यावर
मी डच शब्द कापत बसते, पेन्सिलीनं.
मेडिकलची रात्रपाळी संपवून आल्यावर
दोन तास कापते, मग झोपते.

हातमोज्याला ते लोक म्हणतात हाताचा बूट.
हान्त-स्खून.
सांधा चुकला, रेघ जराशी पुढं सरकली
की होतं हान्तस-खून,
आणि माझे रबरी मोजे आठवतात
अपघात विभागातले, मनगटापर्यंत लाल.
खालून बाबा ओरडतात,
"कोनाचा खून झाला वं मृणाली?"

ट्रूसबाई देवेन्टरहून फोनवर शिकवतात.
ज्या तुकड्यावर जोर, तिथं टेबलावर बोट आपटतात.
फोरकोमन.
बोट 'फोर'वर पडलं तर घडणे,
'को'वर पडलं तर घडू न देणे.
म्हातारी माणसं पलंगावरून पडू नयेत
हे आमचं काम, असं म्हणायचं होतं मला.
जोर आधीच पडून गेला.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुन्हा.

बाबांना डच येत नाही. ठोका येतो.
चाळीस वर्षं फणी ओढली त्यांनी,
धोटा गेला की ठोका, परतला की ठोका,
एखादा ढिला पडला की लुगड्यात झिरी.
तुटला धागा थुंकी लावून जोडत,
गाठ बोटाला लागे, गिऱ्हाइकाला दिसत नसे.
मी सांगितलं, दोन शब्द जोडताना हे लोक
कधी कधी मधे एक 'स' ठेवतात, बिनअर्थाचा.
"गाठ हाय थे," बाबा म्हणाले.
माग मागच्या दिवाळीत भंगारात गेला, किलोवर.

आजचा शेवटचा शब्द ऑन्दरखान.
"अंदर खान? कोयशाची का?"
नाही बाबा. जोर पहिल्यावर दिला तर मावळणे,
सूर्य मावळतो, जहाज बुडतं.
आणि मागं दिला तर सोसणे.
ऑपरेशन. शिक्षा.
"उन्हाया," त्यांनी जोडलं.

मग मांडीवर थाप मारून पाहिली,
एकदा इथं, एकदा तिथं,
डोळे मिटून, मान थोडी तिरपी,
पाय खाली पावडी शोधत असल्यासारखे.
थाप पडली ती अधेमधेच कुठंतरी.
"शेवटी, बाबा. जोर शेवटी."
"हाव," ते म्हणाले,
आणि कूलरमधे बादली ओतायला उठले.