बिनहातच्याची बेरीज

महापे, रात्रीचे पावणेतीन.
सातव्या रॅकमधल्या तिसऱ्या डिस्कचा दिवा पिवळा.
ओढून काढली तर अजून कोमट,
कुणाच्या तरी मुठीत राहिलेल्या चावीसारखी.

हिच्यात काय होतं, मला नीट माहीत नाही.
लेबलवर एवढंच: नॅनो-प्रकाश, प्रयोग ४१२.
सोन्याच्या दोन कणांमधल्या फटीत
उजेड कसा दबा धरून बसतो,
त्याच्या कुणीतरी दोन वर्षं घेतलेल्या नोंदी.

नवी सरकवली. खट्.
आता उरलेल्या चौघी बेरीज मांडतील,
बिनहातच्याची. एकात एक मिळवला की शून्य.
गेलेलीच्या जागी तेच येईल, जे होतं.
एक गेली तर बाकीच्या सांगतात.
दोन गेल्या की सगळ्याच मुक्या.

हे एकदा चहा पिताना सांगितलं
गेटवरच्या घरतकाकांना.
"आमचा पन तसाच हाय," म्हणाले.
या पार्किंगखाली त्यांचं खाचर.
बांध कुठून कुठे, तिघा भावांना पाठ.
परशुराम गेला, तरी दोघं मिळून
पावलं टाकत काढायचे,
गाड्यांच्या मधून, रविवारी.
दामू गेला गेल्या शिमग्यात.
कागदी कप चुरगळून
त्यांनी खिशात ठेवला. डबा शेजारीच होता.

स्क्रीनवर एक्याऐंशी टक्के.
पाचवीचा दिवा एकदा लुकलुकतो.
मी कशालाच हात लावत नाही,
पंख्यांचा आवाज ऐकत उभी राहते.

ब्याऐंशी.