पाचवा हूक

तिच्या ब्लाऊजला पाच हूक असतात.
लग्नाला अडतीस वर्षं झाली तेव्हा मला हे कळलं.
त्याआधी मला एकच हूक माहीत होता,
गोदीतल्या क्रेनचा, पाच टन उचलणारा.
खालून शिट्टी झाली की तो जहाजाच्या पोटात सोडायचो
आणि गाठी, पिंपं, एकदा तर आगगाडीच्या डब्याची चाकं
अलगद आणून धक्क्यावर ठेवायचो.
धक्क्यावरची माणसं म्हणायची,
बर्णबाच्या हाताला डोळे आहेत.

हे हूक तांदळाच्या कणीएवढे.
तबीथानंच लावलेले,
उजवा हात तिचं ऐकत होता तेव्हा.
आता तो मांडीवर पडून असतो,
नको त्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा, अवघडून.

रविवारी सकाळी माझगावच्या आमच्या खोलीत
मी चष्मा लावून तिच्यासमोर स्टुलावर बसतो.
खालून सुरुवात करायची, हे तिनंच शिकवलं.
बोलून नाही. बोलायला आता चारपाच शब्द उरलेत
आणि त्यातला एक 'गाढवा' आहे.
अडतीस वर्षं 'अहो' म्हणत आली.
डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर शब्द असे कुठूनही परत येतात.
मला नाही वाटत हा कुठूनही आलाय.

वरचा एक नेहमी उरतो.
मग सगळे काढायचे, पुन्हा खालून.
तिकडे चर्चची पहिली घंटा होऊन गेलेली असते.

आमच्या लग्नात पाळकांनी दोघांसाठी वाचलं होतं,
थोडं तिच्या वाट्याचं, बरंचसं माझ्या.
तिचं मी पाठ केलं.
माझ्यातला 'मस्तक' हा शब्द तेवढा
कोटाच्या खिशात घालून घरी आणला.
बाकीचं गीतपुस्तकाशेजारी बाकावरच राहिलं.

तो शब्द मी पुष्कळ वापरला.
आमटीत मीठ कमी पडलं त्या रात्री ताटासकट आपटला.
संप लांबला, घरात पगार नव्हता,
ती रात्री दोन वाजेपर्यंत गायकवृंदाचे झगे शिवत बसायची,
तेव्हाही काढला. मशीनच्या आवाजानं माझी झोप मोडत होती.
तिनं मशीन जिन्यात नेलं, जिन्यातल्या दिव्याखाली.
चौदा झगे.
ते घालून सगळे नाताळात गायले
आणि सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हणालो.

आता शेजारची ल्युसी म्हणते,
असा नवरा मिळायला भाग्य लागतं हो.
नवे पाळक म्हणतात, बर्णबाकाका, त्यानं मंडळीसाठी
स्वतःला दिलं, ते असंच.
मी चपला शोधायला लागतो.

स्वतःला देणं म्हणजे काही मोठं असेल, असं वाटायचं.
एकदाच. सगळ्यांसमोर. खिळे वगैरे.
हे तर रोज आहे.
फणी, भांडं, गोळ्यांचा डबा, ओली चादर,
आणि माझी चिडचिड, तीही रोज.
काल तिनं तिसऱ्यांदा चहा सांडला.
हात वर गेला नाही. आवाज गेला.
मग मोरीत नळ सोडून उभा राहिलो.
कुणी विचारलं तर सांगेन, प्रार्थना करत होतो.
थोडी केलीही.

गोदीत पहिल्या दिवशी म्हाताऱ्या सारंगानं सांगितलं होतं,
उचलताना हुकाकडे बघत बसू नकोस, भाराकडे बघ.
काय उचलतोयस ते कळलं की हात आपोआप हळू होतो.
एवढ्या वर्षांत ते मी लोखंडासाठीच वापरलं.
आता कधी कधी बोटांवरून नजर काढतो, वर बघतो.
ती माझ्याकडेच बघत असते,
ओठाच्या एका कोपऱ्यानं हसू दाबत, दुसरा कोपरा दबतच नाही,
आणि पाचवा हूक लागतो.

नेहमी नाही.
आज नाही लागला.
आज पदर जरा वर ओढून घेतला तिनं, डाव्या हातानं,
आणि आम्ही दुसऱ्या गीताला पोचलो.