दम धरा

पहाटेपासून पाण्याचा घोटही नाही.
भाच्याच्या स्कूटरवर मागे, तोंडाला ओढणी,
महालातून निघालो तेव्हा आठ वाजले होते
आणि सीट आधीच चटके देत होती.
चौकात तर्री-पोह्यांचा वास आला.
मी तोंड फिरवलं,
उधारीवाला दिसल्यावर फिरवतात तसं.

कागदावर लिहिलेलं : अंगावरचं सोनं काढून ठेवावे.
ठेवलं. पाटल्या, कुड्या, ह्यांची अंगठी,
भाच्याच्या रुमालात गाठ मारून.
मागच्या गुरुवारी बरगडीखालून सुई घालून
तांदळाएवढे सोन्याचे तीन दाणे
ह्यांनीच आत ठेवलेत, किरणांना पत्ता सापडावा म्हणून.
ते कोणी काढा म्हटलं नाही.

डॉक्टर लिव्हर म्हणतात.
गोळीबार चौकातला मटणवाला त्यालाच काळीज म्हणायचा,
ह्यांच्यासाठी अर्धा पाव जास्तीचं घ्यायचे मी.
नणंदेला फोनवर सांगितलं, काळजात दोन गाठी आहेत,
तर म्हणते, "कोण काय बोललं वहिनी तुम्हाला?"

निळ्या पिशवीवर निजवलं मला.
आत थर्माकोलचे बारीक मणी.
हवा ओढली तशी ती पाठीभोवती आवळत गेली, कडक झाली.
पुढचे पाचही दिवस ह्याच साच्यात झोपायचं, मुलगी म्हणाली.
खिशावर नाव : प्र. बोरकुटे.
तिनं तीन ठिकाणी शाईची सुई टोचली.
तिळाएवढं गोंदण.
आई म्हणायची, दागिने इथंच राहतात,
गोंदण तेवढं सोबत येतं.
हे मी बोरकुटेला सांगितलं नाही.

पोटावर पट्टा.
"श्वास सोडा काकू. पूर्ण सोडा. आता थांबा, वीस सेकंद."
श्वासाबरोबर गाठीही वरखाली होतात म्हणे,
हलत्या गोष्टीवर नेम धरता येत नाही.
पहिल्यांदा अकरा.
मग तेरा, आणि खोकला.
"घाबरू नका ना काकू. दम धरा."

दम!
बाई गं, सत्याहत्तर साली
चिटणीस पार्कच्या शिंपडलेल्या मातीत
प्रमिला निनावेचा दम किती होता
ते विचार कुणाला. आता कुणाला विचारशील म्हणा.

कबड्डीत एक निदान रेषा असते.
ती ओलांडल्याशिवाय चढाई धरत नाहीत.
मध्यरेषेपाशी नाचून परत आलं, तर बाद.
माझी ह्या फेब्रुवारीत ओलांडून झाली,
सोनोग्राफीच्या खोलीत, पोटावरची जेल पुसता पुसता.

पण तिथं दम छातीत भरून
ओठांवर घुमवत न्यायचा असतो.
इथं सगळा सोडून द्यायचा
आणि रिकामं होऊन थांबायचं.
हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्यांदा मी आकडे मोजले नाहीत.
समोर सात जणी उभ्या केल्या, साखळी धरून,
कोपऱ्यात शकू धकाते, डावखुरी,
जिनं एकदा माझा घोटा सोडलाच नव्हता.
छातीत काही नाही, ओठांवर काही नाही,
तशीच आत गेले.
टेबल सरकलं.
एक हिरवी रेघ बेंबीवरून गेली आणि
शकू माझ्याकडे बघतच राहिली.

"बावीस," बोरकुटे म्हणाली. "व्वा काकू!"

बाहेर भाच्यानं रुमाल दिला, न सोडलेला.
"काय केलं आतमध्ये, आत्या?"
"माप घेतलं."
त्याला म्हटलं, जाताना त्या चौकात थांब.
"डॉक्टरनं तिखट नाही म्हटलं ना तुले."
थांब रे.
खात नाही मी.
नुसता वास घेते.