परात

मे महिन्यात सेलूला शेडातला पाना
हातात धरवत नाही, पत्र्याखाली लोखंड तव्यागत तापतं.
म्हणून खाजाभाईच्या काळीपिवळीचा गिअरबॉक्स
दोघांनी गोणपाटावर घालून घरात आणला,
माझ्या शेगडीपासून अडीच हातांवर ठेवला,
कूलरच्या तोंडाशी.
कूलरचं वारं तेव्हापासून त्यालाच.

हे मन लावून खोलायलेत.
दातेरी चाकं रॉकेलात बुचकळायलेत.
परात माझी. आईनं दिलेली.
विचारलं तर म्हणाले, दुसरं काही एवढं पसरट नाही घरात.

पहिल्याच दिवशी स्प्रिंग उडाली
आणि एक छर्रा गेला.
वाटाण्याएवढा, पण त्याच्यावाचून
तिसरा गिअर जागेवर राहत नाही म्हणे.
पिठाचा डबा चाळला, देव्हारा सरकवला.
परमेश्वरनं दोरीला चुंबक बांधून कपाटाखाली फिरवलं,
दोन पिना निघाल्या, एक चार आण्याचं नाणं.

अन् रविवारी वैजूला बघायला मानवतचे पाहुणे.
गिअरबॉक्सवर चादर टाकली, वर फुलाफुलांचा टेबलक्लॉथ,
त्यावर पोह्यांच्या बशा.
चार उदबत्त्या लावल्या, तरी ग्रीस ते ग्रीसच.
मुलाचे मामा दोनदा बोलले,
"इकडं डांबराचं काम चालू आहे का हो?"

मुलाची आई उठली.
सतरंजीच्या घडीतून काहीतरी निसटलं,
फरशीवर गडगडत उंबऱ्याशी थांबलं.
वैजू, खाली मान, हातात चहाचा ट्रे,
एकदम ओरडली,
"बाबा, छर्रा!"

पाहुणे गेले न गेले तोच
तिनं पदर खोचला.
ह्यांची बोटं जाड, त्या भोकात जात नाहीत.
स्प्रिंग तिनंच दाबून धरली,
जिभेचं टोक दातांत, लहानपणी सुईत दोरा ओवायची तशी.

मानवतहून निरोप नाही.
काळीपिवळी मंगळवारी सुटली,
परभणीपर्यंत तिसरा गिअर एकदाही सटकला नाही.
खाजाभाईनं आंबे पाठवले, थोडे डागी होते.

आज आठ दिवसांनी नळ आला,
परात घासायला घेतली.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं माझं नाव
कधीच झिजून गेलं होतं, मीही विसरलेले.
आता त्या ठिपक्यांत काळं वंगण बसलंय.
राखेनं निघत नाही, निरम्यानं निघत नाही,
पार दारातून वाचता येतं:
सौ. प्रयागबाई शेषेराव.

मग मी घासत बसले नाही.
दोन तांबे पाणी उरलं होतं,
ते वैजूच्या नखांना ठेवलं.