एकशे तेहतीस

विश्रामबागेत, कॉलेजच्या गच्चीवर
काचेच्या बशीत स्फटिक पसरलेत.
वरच्या काचेवर पद्मलताईंनी ठेवलाय दगड.
एप्रिल. मार्केट यार्डाकडून हळदीचा वास.

"सांडग्यांगत घातलंय उन्हात," त्या म्हणतात,
"पण ह्यांचं व्हायचं काय वो?"

सिनॅमिक अ‍ॅसिड. दालचिनीच्या नात्यातलं.
द्रावणात हे रेणू
हजारदा आपटतात एकमेकांवर,
ओळख लागत नाही.
इथं जागचं कुणी उठत नाही.
शेजार मात्र बेताचा हवा:
केस उभा चिरावा दोन लाखदा,
त्यातली एक चीर, एवढंच अंतर.
जरा लांब बसले
तर वाळा जन्मभर उन्हात.

आठव्या दिवशी चकाकी गेलेली,
अंगभर बारीक तडे.
केशनळीत भरून तापवायला घेतलं.
मागच्या आठवड्यात
एकशे तेहतीसला पाणी व्हायचं याचं.

एकशे तेहतीस.
एकशे साठ.
पद्मलताई पदरानं चष्मा पुसून
पुन्हा भिंगातून बघतात.
"जागचे हलले न्हाईत म्हणता,
मग हात आधी कुणी धरला?"

पुस्तकातलं उत्तर येतं मला.
दोनशे दहा.
पांढरी भुकटी तशीच, खाली बसलेली.

"सर, गॅस संपत आलाय."