ओके माल

मे महिन्यात स्वेटर घालून
मी शिरोलीच्या बसस्टॉपवर उभा आहे.
लोक बघतात.
सव्वीस वर्षं भट्टीपासून वीस पावलांवर बसलो,
घामाचं मीठ शर्टावर नकाशे काढायचं,
आणि आता रसवंतीच्या सावलीत दात वाजतात.
थायरॉईड गेली, डॉक्टर कुरणे म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, आत्ताच गेली,
दुसरी येईल, थांबा.

माझं काम फायनल इन्स्पेक्शन.
माल गार झाला की टेबलावर यायचा,
मी हातोडीनं टिचकी मारायचो, कान लावायचो.
चांगल्या कास्टिंगचा नाद लांबतो,
आत खोट असली की आवाज जागीच बसतो.
मग तांबड्या रंगाचा एक फराटा. रिजेक्ट.
स्वतःच्या छातीतला बसका आवाज मात्र
मी वाळूचा खोकला समजलो.

"हे औषध गाठीला मारत नाही," डॉक्टर म्हणाले,
"तुमच्याच पेशींचे ब्रेक सोडतं.
गाठ त्याच हुडकतात."
म्हटलं, म्हणजे इन्स्पेक्टर कडक करायचा.
ते हसले. तसंच काहीतरी.
पाचगावचा प्लॉट विकून
दर तीन आठवड्यांनी आम्ही तो इन्स्पेक्टर
शिरेतून आत सोडला.

आमच्याकडं एकदा असा एक आला होता.
मगदूमांचा सुकुमार, डिप्लोमाची शाई ओली.
मालक म्हणाले, एक खराब पीस बाहेर जाता कामा नये.
पोरानं तीन दिवसांत अख्खा लॉट तांबडा केला.
पंपाच्या बॉड्या, ब्रेक ड्रम, शेवटी
टेबलाच्या बिडाच्या पायावरसुद्धा फराटा.
त्याला ओरडले सगळे.
ओके माल कसा असतो
हे कुणी दाखवलंच नव्हतं त्याला.
मीही नाही.

आता तसाच फराटा माझ्या पाठीवर,
खांद्यापासून कमरेपर्यंत, रात्री पेटणारा.
बोटांचे सांधे रिजेक्ट.
अंगठी कापून काढावी लागली,
गुजरीतल्या सोनारानं दोन तुकडे
गुलाबी कागदात बांधून दिले, पैसे घेतले नाहीत.
आतडं रिजेक्ट.
गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध पिणारा मी,
आता कावळा नाक्यापासून घरापर्यंत
कुठल्या दुकानामागं संडास आहे, चावी कोण देतो
आणि कोण तोंड फिरवतो, हे पाठ आहे.

विजयमालानं एकदा डॉक्टरांना विचारलं,
"त्रास होतोय म्हणजे लागू पडतंय का?"
ते म्हणाले, कधीकधी तसं दिसतं,
पण खात्री देता येत नाही.
पहिलं अर्धं वाक्य तिनं घरी आणलं,
शेजारी सांगितलं, बहिणीला फोनवर सांगितलं.
दुसरं बहुतेक रिक्षात राहिलं.

जुलाब थांबेनात तेव्हा औषध बंद केलं.
स्टिरॉइड चालू. इन्स्पेक्टरला सक्तीची रजा.
तोंड गोल झालं, लग्नाच्या फोटोतल्यासारखं.
पहाटे दोनला उठून शिळी भाकरी खातो,
नळाशी भांडतो, पंख्याशी भांडतो,
मग पंख्याची माफी मागतो.
स्कॅनमध्ये गाठ अर्धी झालीय.
पेढे वाटावेत का, मुलगा विचारतो.
अर्धी म्हणजे काय ते मला विचारा,
अर्धा ओके माल
कुठल्याच ट्रकमध्ये चढत नाही.

परवा पाठीवरचा फराटा विझला.
सगळे म्हणाले, बरं झालं बाबा, सुटलास.
रात्री लाईट न लावता विजयमालाचा हात
माझ्या पाठीवर फिरत राहिला,
सावकाश, काही हरवल्यासारखा.
"इथं खाजतंय? जरा तरी?"
म्हटलं, हो. थोडं. डावीकडं.

खोटं होतं.
ती खाजवत राहिली, हलक्या नखांनी,
झोप लागेपर्यंत.
तिला.